कोल्हापूर ते दिब्रुगड: लांबच्या दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

ठाणे-नवी मुंबईतल्या कितीतरी घरांची आता तीन टोकं झाली आहेत. आई गावाकडे, मुलगा नौपाड्यात किंवा ऐरोलीत, आणि मुलगी-जावई नोकरीच्या निमित्तानं देशाच्या पार दुसऱ्या कडेला. समजा, आई कोल्हापुरात आहे आणि जावई आसामात दुलियाजानला, ऑइल इंडियाच्या वसाहतीत. आईला लेकीकडे महिनाभर जायचंय. ठाण्यातला मुलगा फोनवर दोन विमानतळांची नावं टाकतो आणि उत्तर येतं: २,४४६ किलोमीटर, साडेतीन तास. तो आईला कळवतो, ‘सकाळी निघालीस की दुपारी जेवायला ताईकडे.’

पण कोल्हापूरहून दिब्रुगडला थेट विमान नाही. तो आकडा, सरळ रेषेत कुणी उडवलंच तर किती वेळ लागेल, एवढंच सांगतो. आईचा प्रवास तेरा-चौदा तासांचा आहे, आणि तो नीट आखला नाही तर मधल्या एखाद्या शहरात रात्र काढावी लागेल. म्हणून हा हिशोब स्वतः मांडायला शिकणं फार उपयोगाचं आहे. शाळेतल्या भूगोलापलीकडे काही लागत नाही. मी इथे कोल्हापूर-दिब्रुगड ही जोडी घेतली आहे. तुमची जोडी नांदेड-जोरहाट असो वा जळगाव-मदुराई, पद्धत तीच.

आधी अंतर

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. नकाशाच्या ॲपवर धावपट्टीवर बोट दाबून धरलं की मिळतात. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ साधारण १६.६६ उत्तर, ७४.२९ पूर्व. दिब्रुगडचा मोहनबारी विमानतळ २७.४८ उत्तर, ९५.०२ पूर्व.

अक्षांशातला फरक १०.८२ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे उत्तर-दक्षिण अंतर झालं १,२०१ किलोमीटर. रेखांशातला फरक २०.७३ अंश. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून वर जाऊ तसा आखूड होत जातो, म्हणून १११ ला दोन्ही अक्षांशांच्या सरासरीच्या कोसाइननं गुणायचं. सरासरी २२.०७ अंश, त्याचा कोसाइन ०.९२६७. गुणाकार केला की पूर्व-पश्चिम अंतर २,१३२ किलोमीटर येतं. आता पायथागोरस: दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर २,४४७.

पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून गोलावरच्या भूमितीनं नेमका हिशोब केला तर २,४४६ येतात. देशातल्या देशात कागदावरची पद्धत इतकी जवळ जाते की ॲपवर अवलंबून राहायची गरज उरत नाही. ठाण्याहून लंडन किंवा टोरंटोचं अंतर काढायचं असेल तर मात्र ही सपाट पद्धत सोडा. तिथे पृथ्वीची गोलाई मोठा फरक पाडते आणि विमानाचा मार्ग नकाशावर उत्तरेकडे फुगलेला दिसतो.

काही ठिकाणी अंतर नॉटिकल मैलात दिलेलं असतं. १ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वैमानिकानं ४५० नॉट (म्हणजे ताशी ४५० नॉटिकल मैल) वेग सांगितला तर तो ताशी सुमारे ८३३ किलोमीटर.

विमान मात्र या सरळ रेषेवरून तंतोतंत जात नाही. धावपट्टीच्या दिशेनुसार उड्डाणानंतर वळण घ्यावं लागतं, लष्करासाठी राखून ठेवलेलं आकाश टाळावं लागतं, उतरताना रांग असली तर घिरट्या घालाव्या लागतात. शेजारच्या देशाच्या हवाई हद्दीचा प्रश्न तर आहेच. कोलकाता-दिब्रुगड ही सरळ रेषा ढाक्याच्या जवळून, बांगलादेशावरून जाते. हद्द बंद झाली की काय होतं ते आपण पाहिलं आहे: एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली आणि दिल्लीहून आखात-युरोपकडे जाणारी विमानं दक्षिणेकडून वळसा घालू लागली. नकाशावरचं अंतर तेच राहिलं, वेळ वाढला.

हवेतला वेळ

विमान कुठलं आहे हे इथे कळीचं. कोल्हापूरसारख्या विमानतळावर बऱ्याचदा एटीआर ७२ हे पंख्याचं, सत्तरेक आसनांचं विमान येतं. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ हे जेट ८३० च्या आसपास जातं. दोन्हींना एकच सूत्र लावलं तर हिशोब चुकतो.

माझा ठोकताळा असा. जेटसाठी अंतराला ८०० नं भागा आणि वर अर्धा तास घाला. एटीआरसाठी ४८० नं भागा आणि पंचवीस मिनिटं घाला. वरची मिनिटं विमान जागेवरून मागे ढकलणं, धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं आणि पुन्हा जागेवर येऊन थांबणं यांची. तिकिटावर छापलेला वेळ हाच असतो, जागेवरून सुटल्यापासून दुसऱ्या गावी जागेवर थांबेपर्यंतचा. हवेतला वेळ त्याहून थोडा कमी.

कोल्हापूर-दिब्रुगडला २,४४६ भागिले ८०० अधिक अर्धा तास म्हणजे ३ तास ३३ मिनिटं. फोनवरचे ते ‘साडेतीन तास’ असे येतात.

मग वारा. नोव्हेंबर ते मार्च या काळात उत्तर भारतावरून उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा झोत वाहतो. जाताना तो पाठीशी असतो, परतताना तोंडावर. दिब्रुगड-दिल्ली हे अंतर सुमारे १,७६० किलोमीटर. वारा नुसता ताशी १०० किलोमीटरचा धरला तरी पूर्वेकडे जाताना वेग ९०० आणि पश्चिमेकडे येताना ७००. म्हणजे जाताना १ तास ५७ मिनिटं, येताना अडीच तास. थंडीत एकाच मार्गाचे जातानाचे आणि येतानाचे वेळ वेगळे छापलेले दिसतात ते यामुळे.

कुठून वळायचं

सरळ विमान नाही म्हणजे मधे कुठेतरी बदलणं आलं. ठाण्यातल्या माणसाला पहिल्यांदा मुंबईच सुचते, तिथे आपण उभे आहोत म्हणून. पण नकाशा उघडून बघा: कोल्हापूरहून दिब्रुगडला जाणाऱ्यासाठी मुंबई उलट दिशेला आहे आणि हैदराबाद जवळजवळ वाटेवर.

हैदराबादमार्गे: कोल्हापूर-हैदराबाद ४४४, हैदराबाद-कोलकाता १,२०६, कोलकाता-दिब्रुगड ८५१. एकूण २,५०१ किलोमीटर. सरळ रेषेपेक्षा जेमतेम ५५ जास्त.

मुंबईमार्गे: कोल्हापूर-मुंबई ३०९, मुंबई-कोलकाता १,६६४, पुढे तेच ८५१. एकूण २,८२४.

मुंबई-दिल्लीमार्गे: ३०९ अधिक १,१३६ अधिक १,७६०. एकूण ३,२०५. सरळ रेषेपेक्षा साडेसातशेहून जास्त किलोमीटर.

आता पहिल्या दोन मार्गांचे उडण्याचे तास काढा. हैदराबादमार्गे १:२०, २:०० आणि १:३४, म्हणजे ४ तास ५४ मिनिटं. मुंबईमार्गे १:०४, २:३५ आणि १:३४, म्हणजे ५ तास १३ मिनिटं. सव्वातीनशे किलोमीटर वाचवून हाती आली फक्त एकोणीस मिनिटं! आणि मधल्या थांब्यात तासन्‌तास जातात. म्हणून मार्ग निवडताना किलोमीटरकडे एकदा बघा आणि बाजूला ठेवा. त्यांचा उपयोग अगदीच वळशाचा मार्ग गाळण्यापुरता. निवड करायची ती थांब्यांवरून.

दारापासून दारापर्यंत

एक कागद घ्या आणि घराच्या दारापासून सुरुवात करा. हैदराबादमार्गे, एकाच दिवसात, असा मांडावा लागेल:

कोल्हापुरातल्या घरातून उजळाईवाडी, अर्धा तास. विमानतळावर लवकर पोचणं, पावणेदोन तास. तीन विमानं मिळून पाच तास. हैदराबादला थांबा दोन तास, कोलकात्याला अडीच. दिब्रुगडला सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. मोहनबारीहून दुलियाजान दीड तास.

बेरीज पावणेचौदा तास. त्यात विमानात बसलेले तास फक्त पाच.

खरी अडचण बेरजेनंतर समोर येते. छोट्या विमानतळावरून दिवसाला मोजकीच विमानं सुटतात, काही तर आठवड्यातले ठरावीक वारच. कोल्हापूरचं विमान सकाळी अकराला असेल तर पाच तास उड्डाणाचे आणि साडेचार थांब्यांचे धरून दिब्रुगडला उतरायला रात्रीचे साडेआठ. तोवर कोलकात्याहून दिब्रुगडला शेवटचं विमान निघून गेलेलं असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून हिशोब नेहमी शेवटाकडून उलटा करा: मुक्कामाला किती वाजता पोचायला हवं, त्यासाठी शेवटच्या छोट्या विमानतळावर कुठलं विमान उतरायला हवं, त्यासाठी मधल्या मोठ्या शहरात किती वाजता हजर हवं. सुरुवातीच्या गावाचं विमान या साखळीत बसत नसेल तर तिथून निघण्याचा हट्ट सोडून द्यावा.

आसामातला सूर्य

पोचायची वेळ ठरवताना हे विसरू नका. भारतभर घड्याळ एकच, ८२.५ पूर्व रेखांशाचं. दिब्रुगड त्याच्या साडेबारा अंश पूर्वेला, ठाणे साडेनऊ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे दोन गावांच्या सूर्यात जवळजवळ दीड तासाचा फरक. डिसेंबरात ठाण्यात सहाच्या आसपास सूर्य मावळतो, दिब्रुगडला सव्वाचारच्या सुमारास. पाचला तिकडे चक्क काळोख असतो. तिथे ‘चारला उतरून निवांत जाऊ’ हा बेत म्हणजे अंधारात, अनोळखी रस्त्यानं दुलियाजान गाठणं. आईसाठी तरी मी दुपारी दोनच्या आत उतरणारं विमान धरेन.

ठाण्यात मुक्काम करून

हे सगळं बघता दुसरा मार्ग मला अधिक पटतो. आईनं रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं कल्याणला यावं, तिथून ठाणे. दोन दिवस नातवंडांत राहावं आणि मग पहाटेचं विमान घ्यावं. नमुन्यादाखल:

पहाटे तीनला ठाण्यातून टॅक्सी, दीड तास राखीव. साडेचारला विमानतळावर. साडेसहाचं कोलकाता विमान, ९:०५ ला तिथे. अडीच तास थांबा. ११:३५ ला निघून १:०९ ला दिब्रुगड. पावणेदोनच्या आत विमानतळाबाहेर, सव्वातीनपर्यंत दुलियाजान. उजेड आहे, जावई गाडी घेऊन आलाय, आई रात्री नीट झोपेल.

बारा तास झाले. कोल्हापूरहून एका दिवसात जाण्यापेक्षा फार कमी नाहीत, पण विमानं तीनऐवजी दोन, बदल दोनऐवजी एक. प्रत्येक बदल म्हणजे उशीर होण्याची आणखी एक जागा, आणि सत्तरीच्या माणसासाठी आणखी एक लांबलचक चाल. माझ्या लेखी एक बदल वाचवण्यासाठी दोन दिवस खर्च करणं योग्य आहे.

मुंबई की नवी मुंबई

८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेल्या आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे आपल्याकडे आता दोन पर्याय आहेत. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, खारघर, पनवेलकरांनी विचार करत बसू नये, नवी मुंबईच. ठाणे शहरातून किलोमीटर मोजले तर मुलुंडवरून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडनं सहारचा, म्हणजे मुंबईचा जुना विमानतळ जवळ पडतो, पण संध्याकाळी त्या रस्त्याचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यानं उलवे, म्हणजे नवी मुंबई विमानतळ, लांब पडतं, तरी गाडी बऱ्यापैकी पुढे सरकत राहते. घोडबंदरच्या बाजूला, कासारवडवलीकडे राहत असाल तर आधी माजिवड्यापर्यंत पोचायलाच वेळ लागतो, तो वेगळा मांडा.

दिवसाचं विमान असेल तर ट्रान्सहार्बर लोकलनं नेरूळ, बेलापूर किंवा पनवेलला उतरून पुढे रिक्षा-टॅक्सी, हा वेळेचा सगळ्यात भरवशाचा मार्ग. पहाटेच्या विमानाला लोकल मिळत नाही, टॅक्सी आदल्या रात्री ठरवून ठेवा.

कोल्हापूर-सांगली-साताऱ्याहून रात्रीच्या बसनं येणाऱ्यांसाठी तर नवी मुंबई विमानतळ ही मोठी सोय आहे. कळंबोली किंवा पनवेलला उतरलं की मुंबईत शिरावंच लागत नाही. आईला ठाण्यात थांबायचं नसेल तर हाही मार्ग बघा.

तिकीट काढताना एक तपासणी डोळ्यांत तेल घालून करा. तिकिटांच्या साइटवर ‘मुंबई’ टाकलं की दोन्ही विमानतळांची विमानं एकत्र दिसू शकतात. बीओएम म्हणजे सहारचा जुना विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. कोल्हापूरचं विमान एका ठिकाणी उतरतंय आणि कोलकात्याचं दुसऱ्या ठिकाणाहून सुटतंय, अशी जोडी स्वस्त दिसली तरी घेऊ नका. दोन्हींमध्ये मुंबईची वाहतूक आहे. निदान पाच तासांचं अंतर नसेल तर तो बदल मुळी धरूच नये. सहारच्या विमानतळावरही टर्मिनल एक की दोन ते बघा, दोन्हींची दारं वेगवेगळ्या भागांत आहेत.

तिकीट एकच असावं

सगळी विमानं एकाच पीएनआरवर असतील तर पहिलं उशिरा आल्यानं दुसरं चुकल्यावर पुढची सोय करणं विमान कंपनीवर येतं, आणि सामानही बहुतेक वेळा थेट शेवटच्या गावापर्यंत टॅग होतं. वेगवेगळी तिकिटं काढली तर दुसऱ्या कंपनीला तुमच्या पहिल्या विमानाशी देणंघेणं नाही. हजार-दीड हजार वाचतात, पण चुकलं तर आयत्या वेळच्या भावानं नवं तिकीट. वयस्कर माणसासाठी मी स्वतंत्र तिकिटं कधीच सुचवणार नाही.

एकाच पीएनआरवर दीड-दोन तासांचा थांबा चालतो. पावसाळ्यात मुंबईतून आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात उत्तरेतून जाताना तो अडीच-तीन करा. तिकिटं वेगळीच घ्यावी लागली तर चार तासांच्या खाली उतरू नका. सामान घेऊन बाहेर या, पुन्हा जमा करा, पुन्हा सुरक्षा तपासणी, आणि देशांतर्गत विमानाचा सामान घेण्याचा काउंटर साधारण तासभर आधीच बंद होतो.

हक्कही माहीत असावेत. डीजीसीए या विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या विमानाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला, किंवा अडीच ते पाच तासांच्या विमानाला तीन तास किंवा जास्त, तर वेळेवर हजर असलेल्या प्रवाशाला खाणंपिणं द्यावं लागतं. उशीर सहा तासांच्या पुढे जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. हवामानामुळे रद्द झालं तर मात्र भरपाई मिळत नाही. आईच्या पर्समध्ये हे चार ओळींत मराठीत लिहून द्या.

बाकी तयारी थोडक्यात. चाकाची खुर्ची हवी असेल तर निदान ४८ तास आधी कळवा. औषधं आणि पॉवरबँक हातातल्या पिशवीत. पॉवरबँक मोठ्या बॅगेत चालत नाही. एटीआरच्या वरच्या कप्प्यात मोठी हातबॅग मावत नाही आणि ती दारातच काढून घेतात, तेव्हा औषधांची छोटी पिशवी वेगळी हवी.

वेळापत्रक जिवंत आहे का?

विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी सुरू होतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. छोट्या विमानतळांचे मार्ग या दिवशी सगळ्यात जास्त हलतात. छोटी शहरं विमानानं जोडणाऱ्या ज्या सरकारी उडान योजनेतलं पहिलं विमान २०१७ च्या एप्रिलमध्ये शिमला-दिल्ली उडालं, त्या योजनेत मार्गांना मिळणारं अनुदान तीन वर्षांचं असतं. नंतर प्रवासी पुरेसे नसतील तर मार्ग बंदही होतो. त्यामुळे ‘कोल्हापूरहून अमुक ठिकाणी विमान आहे’ हे दोन वर्षांपूर्वी वाचलेलं धरून बेत करू नका. विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर तुमच्या तारखेचं, तुमच्या वाराचं तिकीट प्रत्यक्ष मिळतंय का ते बघा.

मग त्या विमानाचा क्रमांक फ्लाइटरडार२४ सारख्या ठिकाणी टाकून मागच्या आठवड्यात ते प्रत्यक्षात किती वाजता उतरलं ते पाहा. रोज चाळीस मिनिटं उशीर होत असेल तर तुमच्या हिशोबातही ती चाळीस मिनिटं घाला. दिवसाच्या शेवटी सुटणाऱ्या विमानाला सकाळपासूनचे सगळे उशीर साचून येतात. पहाटेचं विमान बहुतेक वेळेवर सुटतं.

परतीचा कागद वेगळा

जातानाचा हिशोब उलटा वाचून परतीचा होत नाही. वारा तोंडावर असतो म्हणून कोलकाता-मुंबईला पंधरा-वीस मिनिटं वाढवा. दिब्रुगडहून सकाळी लवकर निघावं. तिकडे उजाडतंही लवकर, पहाटेचा रस्ता अडचणीचा नाही. उतरायची वेळ रात्री साडेदहाच्या पुढची असेल तर लोकलच्या भरवशावर राहू नका: सामान हाती येईपर्यंत सव्वाअकरा वाजतात आणि स्टेशन गाठेपर्यंत शेवटची गाडी सुटायला आलेली असते. मुलानं स्वतः घ्यायला जायचं असेल तर विमानाचा क्रमांक फोनवर लावून ठेवावा, ते कोलकात्याहून खरोखर सुटल्याचं दिसलं की दीड तासानं ठाण्यातून निघावं.